वेम्बलीचे बुरूज पाडले, मग ते काँक्रीट गेलं कुठं?

प्रश्न : नमस्कार सर. २०२३ च्या जूनमध्ये आपल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनची, म्हणजे वीजनिर्मिती प्रकल्पाची, चिमणी पाडली तेव्हा मी आणि माझा मुलगा मोबाईलवर बघत होतो, एवढी उंच चिमणी आणि बघता बघता आडवी. मुलगा फुटबॉलवेडा आहे, तो लगेच म्हणाला पप्पा, इंग्लंडमधलं वेम्बली पण पाडलं होतं, आत्ताचं वेम्बली ते जुनं नव्हेच. मला हे माहितीच नव्हतं. ते जुनं कसं होतं, कुणी बांधलं आणि एवढं नावाजलेलं होतं तर पाडलं कशाला, जरा सविस्तर सांगाल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, पोरगं बरोबर बोललंय. आज टीव्हीवर वरनं मोठी कमान गेलेलं जे वेम्बली दिसतं ते २००७ चं आहे. त्याच जागेवर त्याच्या आधी दुसरं स्टेडियम होतं, दोन पांढऱ्या बुरुजांचं, आणि १९२३ पासून २००० पर्यंत जग ज्याला वेम्बली म्हणायचं ते हेच. आता सविस्तर विचारलंयत तर सविस्तरच सांगतो.

त्या जागेची गोष्ट स्टेडियमच्या पण आधी सुरू होते. एडवर्ड वॅटकिन नावाचा एक रेल्वेवाला होता, लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा चेअरमन. पॅरिसला आयफेल टॉवर झाला म्हटल्यावर आपण त्याच्याहून उंच टॉवर बांधायचा असं त्याच्या मनात आलं आणि वेम्बलीला काम सुरू झालं. पण पहिला टप्पा उभा राहिला आणि तिथंच गाडं अडलं, जमीन खचायला लागली, पैसे संपले. अर्धवट टॉवर काही वर्षं तसाच उभा होता आणि १९०७ मध्ये सुरुंग लावून पाडला. म्हणजे त्या जागेवर पाडापाडी ही काही नवीन गोष्ट नाही. पुढं नवीन स्टेडियमसाठी मैदान खोल खणायला घेतलं तेव्हा ह्याच टॉवरचा पाया खाली सापडला, जवळपास शंभर वर्षांनी!

मग पहिलं महायुद्ध झालं, आणि ब्रिटिश सरकारने ठरवलं की आपल्या साम्राज्याचं एक भव्य प्रदर्शन भरवायचं, १९२४ आणि २५ ला. सगळ्या वसाहतींची दालनं, त्यात हिंदुस्थानचं पण मोठं दालन होतं. ह्या प्रदर्शनाचा भाग म्हणून स्टेडियम बांधलं. खर्च साडेसात लाख पौंड आणि वेळ लागला फक्त ३०० दिवस. सिमेंट काँक्रीटची एवढी मोठी कामं तेव्हा नवीन होती, इंजिनिअर होता ओवेन विल्यम्स. दर्शनी बाजूला दोन बुरूज, प्रत्येक १२६ फूट उंच, वर घुमटासारखा आकार. आणि नाव ठेवलं एम्पायर स्टेडियम. हे नाव आपण सोलापूरकरांनी जरा ध्यानात ठेवायचं, का ते पुढं येतंय.

प्रदर्शन १९२४ चं पण स्टेडियम आधीच तयार झालं, म्हणून २८ एप्रिल १९२३ ला एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या जुन्या नावाजलेल्या स्पर्धेची, फायनल तिथं घेतली. बोल्टन वॉन्डरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. आयोजकांना वाटलं एवढं मोठं ग्राउंड आहे, सगळे मावतील, त्यामुळं आधी तिकीट काढूनच या अशी सक्ती केली नाही, गेटवर पैसे भरायचे आणि आत जायचं. आणि लोटली की लंडन! अधिकृत आकडा १,२६,०४७ चा आहे पण भिंतीवरनं, गेटवरनं चढून आत घुसलेले धरले तर दोन लाखांच्या वर माणूस होता असं सगळेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत आपलं सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे शहरातला दर पाचातला एक माणूस एकाच वेळी पार्क मैदानावर यायला निघाला तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. स्टँड भरले आणि मागनं रेटा सुरूच, तेव्हा पुढची माणसं सरळ मैदानात सांडली. गवत दिसंना. राजा पाचवा जॉर्ज येऊन बसलेला आणि मैदानात खेळायला जागाच नाही.

तेव्हा घोडेस्वार पोलीस बोलावले. त्यातला एक साधा कॉन्स्टेबल, जॉर्ज स्कोरी, आणि त्याचा घोडा बिली. बिली खरं तर करड्या रंगाचा पण त्या काळच्या ब्लॅक अँड व्हाईट फिल्ममध्ये तो पांढराशुभ्र दिसतो, म्हणून त्या मॅचचं नावच पांढऱ्या घोड्याची फायनल पडलं. ती फिल्म आजपण बघायला मिळते, मुलाला नक्की दाखवा. घोडा कुणाच्या अंगावर जात नाही, नाकाने हळूहळू पुढच्या माणसाला मागं सारतो, आणि माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करत एक एक पाऊल मागं सरतात. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज येताना आपली पोरं दोरी धरून जशी वाट करतात ना, तसंच काहीसं, मला ते बघताना दर वेळी तेच आठवतं. पाऊण तास उशिरा मॅच सुरू झाली, लोक अगदी टचलाइनला चिकटून उभे. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल मारला, तो वेम्बलीवरचा पहिला गोल, आणि त्या वेळी वेस्ट हॅमचा एक प्लेअर थ्रो-इन घेतल्यावर गर्दीतच अडकून पडलेला होता! बोल्टन २-० ने जिंकलं. शेकडो लोकांना लागलं पण एवढ्या गर्दीत एकही माणूस दगावला नाही. त्यानंतर मात्र फायनलला आधी तिकीट काढणं सक्तीचं झालं.

प्रदर्शन संपल्यावर स्टेडियमची अवस्था वाईट झाली, ते तेव्हाच पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. वाचवलं आर्थर एल्विन नावाच्या माणसाने. हा गडी प्रदर्शनात तंबाखू-सिगारेटच्या स्टॉलवर काम करायचा. प्रदर्शन बंद पडल्यावर तो तिथली रिकामी दालनं एकेक करून विकत घ्यायचा आणि ती पाडून भंगार, सामान विकायचा, असे पैसे जमवले आणि १९२७ मध्ये १,२७,००० पौंडांना, हप्त्यावर, अख्खं स्टेडियम घेतलं. मग तिथं ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या, त्या शर्यतींच्या पैशावर फुटबॉलचं हे तीर्थक्षेत्र जगलं. पाडकामावर पैसा कमावलेल्या माणसाने हे एक पाडलं नाही, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहितोय त्याच्यावर येतो. वेम्बली म्हटलं की लोक १९६६ चा वर्ल्ड कप सांगतात. आपण भारतीयांनी आधी १२ ऑगस्ट १९४८ सांगायला पाहिजे. लंडन ऑलिम्पिकची हॉकी फायनल, ह्याच मैदानावर, भारत विरुद्ध ब्रिटन. आपण १९२८, ३२ आणि ३६ अशी तीन सुवर्णपदकं आधी जिंकलेली, पण ती ब्रिटिशांच्या झेंड्याखाली, आणि त्या तिन्ही वेळा ब्रिटनची टीम हॉकीत उतरलीच नव्हती. १९४८ ला पहिल्यांदा समोरासमोर. पाऊस पडलेला, मैदान जड झालेलं, चेंडू चिखलात रुतायचा. कॅप्टन किशन लाल आणि के. डी. सिंग बाबू यांनी तर बूट काढून ठेवले आणि अनवाणी खेळले असं सांगतात. बलबीर सिंग यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल मारले, मग पॅट जॅन्सन आणि त्रिलोचन सिंग यांनी एक एक. ४-०. गोलात मुंबईचे लिओ पिंटो उभे होते, त्यांनी एकपण आत जाऊ दिला नाही. आणि मग तिरंगा वर चढला.

कुठं चढला बघा. साम्राज्याचं प्रदर्शन भरवायला बांधलेल्या एम्पायर स्टेडियमवर, स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस कमी असताना. आपल्या सोलापूरने ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेवर तिरंगा लावला होता, तेव्हाचा चरख्याचा, आणि मे महिन्यात मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली म्हणून, झेंडा मिरवला म्हणून माणसांना शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या तारखेपासून वेम्बलीच्या १२ ऑगस्टपर्यंत मोजा, बरोबर १७ वर्षं ७ महिने. आमचे आजोबा मिलमध्ये साच्यावर होते, ह्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आले की चपला काढून, हात जोडून मगच पुढं जायचे, मला पण काढायला लावायचे. त्यांना वेम्बली कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. मी मोठा झाल्यावर त्या फायनलबद्दल वाचलं तेव्हा पहिली आठवण त्यांच्या त्या चपलांची आली.

बाकीचं भराभर सांगतो कारण ते सगळीकडं मिळतं. १९५३ ला हंगेरीने इंग्लंडला इथं ६-३ असं हरवलं, इंग्रजांना त्यांच्याच घरात फुटबॉल शिकवला. १९६६ ला इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ हरवून वर्ल्ड कप घेतला. १९६८ ला मँचेस्टर युनायटेडने बेनफिकाला ४-१ हरवून युरोपियन कप घेतला. १९८५ ला लाइव्ह एडची मोठी कॉन्सर्ट इथंच झाली. जिंकलेल्या टीमने ३९ पायऱ्या चढून रॉयल बॉक्समध्ये जायचं आणि कप घ्यायचा ही पद्धत, त्या ३९ पायऱ्या म्हणजे प्रत्येक इंग्लिश पोराचं स्वप्न.

मग पाडलं का? कारण प्रेक्षकाच्या नजरेनं ते खरंच चांगलं राहिलं नव्हतं. मैदानाच्या भोवती कुत्र्यांच्या शर्यतीचा ट्रॅक, त्यामुळं लोक खेळापासून लांब. मध्ये खांब. टॉयलेट अगदीच कमी. आणि १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यात ९७ जीव गेले, त्यानंतरच्या टेलर रिपोर्टमुळं मोठ्या मैदानांवर उभं राहून मॅच बघणं बंद झालं, सगळीकडं खुर्च्या आल्या. एक लाखाचं वेम्बली ८० हजारांच्या आसपास आलं. डागडुजी करून भागणारं नव्हतं. बुरूज तरी ठेवा म्हणून पुष्कळ लोकांनी सांगून बघितलं, ते वारसा यादीत पण होते, पण नवीन स्टेडियम मोठं, मैदान सरकलेलं, बुरूज बरोबर मध्ये यायचे, आणि ओतीव काँक्रीटचे असल्यामुळं उचलून बाजूला नेणं पण शक्य नव्हतं. मला व्यक्तिशः वाटतं की स्टेडियम पाडणं बरोबरच होतं, माणसं सुरक्षित बसली पाहिजेत, त्याच्यापुढं काँक्रीट मोठं नाही. पण बुरुजांचं वाईट वाटतं ते वाटतंच.

शेवटची मॅच ७ ऑक्टोबर २००० ला झाली, इंग्लंड विरुद्ध जर्मनी. आपल्याकडं त्या दिवशी दसरा होता, इथं आपण एकमेकांना सोनं देत होतो आणि तिकडं पावसात जर्मनीच्या डिटमार हमानने फ्री किकवर गोल मारला, १-०. जुन्या वेम्बलीवरचा शेवटचा गोल. मॅच संपल्या संपल्या इंग्लंडचे कोच केव्हिन कीगन यांनी राजीनामा दिला. मग दोन वर्षं स्टेडियम रिकामं पडून होतं, २००२ च्या शेवटी पाडकाम सुरू झालं आणि फेब्रुवारी २००३ मध्ये बुरूज गेले. चिमणीसारखा एका दमात धुरळा नाही झाला, मशीनने वरनं थोडं थोडं तोडत आणलं.

प्रश्न : सर, मी शाळेत पीटी शिकवते. मुलांना सांगताना आम्ही सांगतो की १९४८ ला भारताची फुटबॉल टीम वेम्बलीवर अनवाणी खेळली. हे बरोबर आहे ना?
– एक शिक्षिका, अक्कलकोट रोड

उत्तर : ताई, अनवाणी खेळले हे बरोबर, वेम्बलीवर नाही. ती मॅच ३१ जुलै १९४८ ला लंडनजवळच्या इलफर्डच्या एका छोट्या मैदानावर झाली, फ्रान्सविरुद्ध. आपले बहुतेक प्लेअर बुटांशिवाय. दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही हुकल्या, सारंगपाणी रामन यांनी एक गोल मारला, शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने दुसरा मारला आणि आपण २-१ ने हरलो. मुलांना हे असं नीट सांगा, कारण हरलेली असली तरी ती मॅच अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

पण फुटबॉल टीमचं वेम्बलीशी नातं नक्की आहे, आणि ते जास्त सुंदर आहे. २९ जुलै १९४८ ला ऑलिम्पिकचं उद्घाटन वेम्बलीवर झालं तेव्हा स्वतंत्र भारताचा झेंडा घेऊन सगळ्यात पुढं चालत होते फुटबॉल टीमचे कॅप्टन तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांमधला मुलगा, पुढं डॉक्टर झाले. स्वतंत्र देश म्हणून आपलं ते पहिलं ऑलिम्पिक, आणि झेंडा फुटबॉलवाल्याच्या हातात! आणखी एक, तिहेरी उडीत हेन्री रिबेलो हा १९ वर्षांचा पोरगा ह्याच मैदानावर फायनलला उतरला होता, त्याच्याकडनं मेडलची आशा होती, पण पहिल्याच उडीत मांडीचा स्नायू फाटला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. तुमच्या मुलांना त्याचं पण नाव सांगा, वॉर्म-अप का करायचा हे वेगळं समजावायला लागणार नाही. आणि खाशाबा जाधव त्याच ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत सहावे आले, ते मात्र वेम्बलीवर नाही, कुस्त्या लंडनमध्ये दुसरीकडं झाल्या.

प्रश्न : १९६६ च्या फायनलला हर्स्टचा तो गोल खरंच होता का? आमच्या कट्ट्यावर रोज भांडणं होतात.
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर : जेफ हर्स्टने एक्स्ट्रा टाईममध्ये मारलेला बॉल क्रॉसबारला आतनं लागून खाली आपटला आणि बाहेर आला. स्विस रेफरी डीन्स्ट यांना खात्री नव्हती, त्यांनी लाइन्समन तोफिक बहरामोव यांना विचारलं, ते अझरबैजानचे, त्यांनी गोल म्हटलं आणि स्कोअर ३-२ झाला. बॉल पूर्ण रेषेपलीकडं गेला नव्हता असंच बहुतेक जाणकारांचं म्हणणं आहे आणि फिल्म बघून मला पण तेच वाटतं. पुढं हर्स्टने आणखी एक मारला, ४-२, हॅट्रिक. बहरामोव यांच्या नावाने बाकू शहरात स्टेडियम आहे, आणि तो क्रॉसबार नवीन वेम्बलीत ठेवलाय, त्याला जपलंय हे फार चांगलं केलं. भांडण मिटेल असं नाही, पण एवढं तरी कट्ट्यावर सांगा.

प्रश्न : काका, माझी पुतणी शिकायला लंडनला चाललीय. जुन्या वेम्बलीचं तिथं काही उरलंय का बघण्यासारखं?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : उरलंय की, पण जिथं वाटतं तिथं नाही. स्टेशनवरनं स्टेडियमकडं जाणारा जो रुंद रस्ता आहे, ऑलिम्पिक वे, तो १९४८ च्या ऑलिम्पिकसाठी केलेला, त्या कामावर जर्मन युद्धकैदी होते. दुसऱ्या एका स्टेशनकडनं येताना एक पादचारी पूल लागतो, त्याचं नाव व्हाईट हॉर्स ब्रिज, आपल्या बिलीचं नाव! नवीन स्टेडियम ९० हजारांचं, त्याची कमान १३३ मीटर उंच, लांबनं दिसते. कप घ्यायला आता ३९ नाही, १०७ पायऱ्या चढाव्या लागतात.

आणि मुख्य म्हणजे तिला नॉर्थोल्टला जायला सांगा, लंडनच्या पश्चिमेला, ए-४० रस्त्याच्या कडेला. तिथं नॉर्थाला फील्ड्स नावाचं पार्क आहे, २००८ ला सुरू झालं. त्यात चार टेकड्या आहेत, एका ओळीत, चहाच्या दुकानात साखर ओतून ठेवल्यासारख्या निमुळत्या. त्या टेकड्या म्हणजे पाडलेल्या वेम्बलीचा आणि शहरातल्या इतर बांधकामांचा राडारोडा आहे, वर माती घालून गवत लावलेला. बिल्डरांना राडारोडा टाकायचाच असतो, त्यांच्याकडनं त्याचे पैसे घेतले आणि त्याच पैशातनं पार्क उभं केलं. आपल्याकडं पाडकामाचा राडारोडा रात्रीत कुठल्या तरी ओढ्याच्या कडेला पडतो, मग पावसाळ्यात पाणी तुंबतं, ते बघून जीव तुटतो, म्हणून ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगत असतो. सगळ्यात मोठ्या टेकडीवर गोल गोल फिरत जाणारी वाट आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं पण वर जातात, आणि वरनं नवीन वेम्बलीची कमान दिसते.

म्हणजे ज्या स्टेडियमवर १९४८ ला तिरंगा चढला त्याचं काँक्रीट आता त्या गवताखाली आहे. १२ ऑगस्टला तिला सुट्टी असली तर त्या दिवशीच जायला सांगा, आणि वरनं एक फोटो काढून आमच्या अंकासाठी पाठवायला सांगा, तिचं नाव घालून छापू.